आरसी बुकावर मयत वडिलांचं नाव, ट्रॅक्टर मात्र तुमच्या दारात

प्रश्न : आम्ही कागल तालुक्यातले. भुदरगड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून जुना महिंद्रा बी-275 घेतला, नोंदणी 1992 ची. व्यवहार दोन लाखांना ठरला, एक लाख साठ हजार दिले आणि 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली. आरसी बुक त्याच्या वडिलांच्या नावावर आहे, ते 2019 मध्ये वारले. बुकावर एका पतसंस्थेचा बोजा दिसतो, ती संस्था अवसायनात, म्हणजे बंद करून हिशेब मिटवण्याच्या प्रक्रियेत, आहे. आता त्याच्या धाकट्या भावाची वकिलामार्फत नोटीस आली आहे : ट्रॅक्टरमध्ये माझा हिस्सा आहे, 15 दिवसांत परत करा. ट्रॅक्टर सोडावा लागेल का?

उत्तर : नोटीस आली म्हणून लगेच ट्रॅक्टर परत नेऊन देऊ नका. पण आज तो रस्त्यावरही काढू नका, उसाची टोळी दारात येऊन थांबली असली तरी.

आधी हक्काचं बघू. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान हिस्सा मिळतो. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. लग्न होऊन सासरी गेलेली बहीणही त्यात आली. म्हणजे थोरल्याने तुम्हाला विकला तो एकट्याचा ट्रॅक्टर नव्हता. नोटरीने फक्त सह्या खऱ्या असल्याचं पाहिलं. विकणारा मालक आहे की नाही, हे पाहणं त्याचं काम नसतं.

तरी तुमची बाजू पोकळ नाही. मालविक्री कायदा, 1930 चं कलम 28 सांगतं की सामाईक वस्तू इतर मालकांच्या परवानगीने एकाच्याच ताब्यात असेल आणि घेणाऱ्याने ती सद्भावनेने, अधिकार नसल्याची माहिती नसताना घेतली असेल, तर मालकी घेणाऱ्याकडे जाते. वडील गेल्यापासून ट्रॅक्टर थोरल्याच्याच दारात होता, मशागत तोच करत होता आणि धाकट्याने कधी हरकत घेतली नव्हती, हे तुम्हाला दाखवावं लागेल. मिस्त्रीच्या पावत्या, शेजाऱ्यांचे जबाब, दलालाशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश आजच जमा करा. अडचण एकच, पण मोठी आहे. बुकावर वडिलांचं नाव तुम्ही पाहिलं होतं. मग बाकीच्या वारसांच्या सह्या का मागितल्या नाहीत, हे न्यायालय विचारणारच. म्हणून हा बचाव हाताशी ठेवा आणि खरा जोर तडजोडीवर लावा.

तडजोडीसाठी तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, बाकीचे चाळीस हजार. ते थोरल्याला देऊ नका. त्याची लेखी संमती घेऊन आई, धाकटा भाऊ आणि बहीण यांच्या खात्यावर थेट भरा आणि प्रत्येकाची पावती घ्या. दुसरी गोष्ट धाकट्याच्या वकिलांना नीट माहीत असेल. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं आहे. मालक मयत असेल तर तो दावा त्यांच्या मिळकतीवर, म्हणजे वारसांच्या हिश्शापर्यंत पोहोचू शकतो. ट्रॅक्टर लवकर तुमच्या नावावर होणं त्या घराच्याही भल्याचं आहे. नोटिशीच्या उत्तरात हे सौम्य शब्दांत लिहा आणि उत्तर मुदतीच्या आत स्पीड पोस्टाने पाठवा. गप्प राहिलात तर पुढे तेच तुमच्यावर उलटवलं जातं. बोलणी जमली तर तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवा; तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो.

आता कागदांचं. सगळ्यात जास्त वेळ बोजा खाणार आहे. संस्था अवसायनात असली म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात त्या संस्थेचा अवसायक, म्हणजे तिचे हिशेब मिटवायला नेमलेला अधिकारी, कोण ते विचारा आणि कर्जखात्याचा उतारा मागा. बाकी शून्य असेल तर बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, आणि बोजा उतरवण्याच्या नमुना 35 वर अवसायकाची सही घ्या. बाकी निघाली तर ती कोणी भरायची, हे तडजोडीतच लिहून ठेवा. मालविक्री कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बोजा नसलेली वस्तू देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. तुम्हाला सांगितला नसलेला आणि व्यवहारावेळी माहीत नसलेला बोजा तुम्ही भरलात तर ती रक्कम त्याच्याकडून मागता येते.

मग आरटीओ. हाताने लिहिलेलं जुनं बुक आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत सापडलं नाही तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या बुकाची माहिती त्या प्रणालीत भरून घेणं, करावी लागते. त्यानंतर नमुना 31 वर ट्रॅक्टर एका वारसाच्या नावावर चढतो. त्याला मृत्यू दाखला, मूळ बुक, विमा आणि इतर वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीची असते, तिच्यावर इथे विसंबू नका. त्या वारसाकडून तुमच्या नावावर येण्यासाठी नमुना 29 दोन प्रतींत आणि नमुना 30. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन वर्षभर कपाटात ठेवण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे, ती पाळू नका.

नोंदणीची मुदतही पाहा. बिगर-परिवहन वाहनाची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे तुमची 2007 मध्ये संपली. पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण असतं, नमुना 25 वर. शेवटच्या शिक्क्याची मुदत उलटली असेल तर तपासणीसाठी ट्रॅक्टर न्यावा लागेल. त्याआधी किमान त्रयस्थ पक्ष (थर्ड पार्टी) विमा काढा, नाहीतर दुसऱ्या गाडीवर लादून न्या. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही विचारून घ्या.

तपासणीला जाण्याआधी एक काम घरीच करा. ट्रॅक्टरला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग बोल्टांनी जोडून सांगाडा होतो. इतक्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन कधीतरी बदललेलं असू शकतं. ग्रीस पुसून इंजिन आणि चासी या दोन्ही नंबरांवर कागद ठेवा, पेन्सिलीने ठसा घ्या आणि बुकाशी ताडून पाहा. इंजिन नंबर वेगळा निघाला तर बदललेल्या इंजिनाचं बिल शोधा, कारण हा बदल आरटीओत नोंदवावा लागतो. चासी नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर मात्र तडजोड थांबवा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. तिथे चोरीच्या मालाचा प्रश्न येतो. रंग देऊ नका, नंबरपट्टी काढू नका, पुढे विकू तर अजिबात नका.

थोरला सह्या द्यायला आणि पैसे परत करायलाही तयार नसेल तर पैसे वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. त्याने इतर वारस किंवा बोजा मुद्दाम लपवल्याचा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची फिर्यादही देता येते, पण ती शेवटी. एकदा फिर्याद झाली की त्या घरातली एकही सही सहज मिळत नाही, आणि तुम्हाला तर सगळ्यांच्याच सह्या लागणार आहेत.