काळा पडदा परवडला, खोटा नको

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ.)

काका, आमच्या द्राक्षबागेवरून सुखोई जातात. माझ्या मोबाइलचा स्क्रीन इतका झकास आहे, मग लढाऊ विमानात अजून कडेला बटणं असलेले जाडजूड डिस्प्ले का? एखादा चांगला टॅब्लेट बसवला तर काय बिघडेल?
– बारावीतली विद्यार्थिनी, पिंपळगाव बसवंत

आधी साध्या गोष्टी. ढगांच्या वर गेलं की ऊन पारदर्शक कॅनपीतून (वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेसारख्या झाकणातून) थेट पडद्यावर येतं, त्यात आकडे वाचता आले पाहिजेत. रात्री तोच पडदा इतका मंद करता यावा लागतो की नाइट व्हिजन गॉगल दिपू नये. तो गॉगल लाल आणि त्यापलीकडच्या प्रकाशाला फार हळवा असतो, त्यामुळे पडद्याचा रंगसुद्धा गाळून घ्यावा लागतो. लेहला हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेलं विमान सकाळी सुरू करा: एलसीडीतला द्रव थंडीने सुस्त होतो, चित्र मागे रेंगाळतं. म्हणून काचेमागे हीटर असतो. जाडी वाढते ती अशी.

पण खरी गोम वेगळीच आहे. टॅब्लेट अडकला तर तू तो बंद करून चालू करतेस. विमानात अडकलेला पडदा पाच सेकंदांपूर्वीचं विमान दाखवत राहतो. क्षितिजाची रेघ सरळ दिसतेय आणि विमान मात्र ढगात कलत चाललंय! पडदा काळा पडला तर वैमानिक लगेच स्टँडबाय, म्हणजे राखीव, उपकरणाकडे बघेल. खोटं चित्र दिसलं तर त्यावर विश्वास ठेवेल. आम्ही मिग-२१ च्या डायलवर काम केलं. काटा थोडा तरी हलता असतो, निपचित पडला की मनात शंका येते. काचेवरचा आकडा असा काही इशारा देत नाही.

म्हणून पडद्यावर प्रत्यक्ष काय उमटलं ते परत मागवून मूळ आकड्याशी ताडून पाहणारी यंत्रणा ठेवतात. नागरी विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी नावाचं मानक आहे. ज्या चुकीने विमानच जाऊ शकतं ते सॉफ्टवेअर ‘ए’ पातळीचं, आणि त्यातल्या निर्णयाची प्रत्येक अट निकालावर स्वतंत्रपणे परिणाम करते हे चाचणीत दाखवावं लागतं. टॅब्लेटच्या दर महिन्याच्या अपडेटला इथे जागा नाही.

एवढं करूनही मूळ आकडाच खोटा असेल तर? १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकवर असताना पिटो नळ्यांत (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळ्यांत) बर्फ साचला, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले, ऑटोपायलट सुटला. २२८ माणसं गेली. पडदे धडधाकट होते.

टचस्क्रीन आणि हेल्मेटमधले डिस्प्ले याबद्दल वाचतो. सध्या संशोधन कुठे चाललंय?
– इंदिरानगर, नाशिक

टच आलाय. एअरबसने २०१९ च्या अखेरीस टचस्क्रीन असलेलं पहिलं ए३५० प्रवासी विमान दिलं. अडचण काय आहे हे बघायचं असेल तर एसटीने कसारा घाट उतरताना मोबाइलवर मेसेज टाइप करा. त्यात हातमोजा घाला. त्यामुळे बोट टेकवायला कड, मोठी बटणं, महत्त्वाच्या कामाला दुसऱ्यांदा खात्री, असं बरंच चाललंय. माझं मत विचाराल तर नकाशा सरकवायला टच उत्तम. घाईत लागणारी गोष्ट मात्र बोटाला न बघता सापडली पाहिजे.

हेल्मेटची गोष्ट जास्त रंजक आहे. एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानात समोरचा हेड-अप डिस्प्लेच (नजरेसमोरच्या काचेवर आकडे दाखवणारा) काढून टाकला आणि सगळं हेल्मेटच्या काचेवर आणलं. पण एलसीडीतला काळा रंग पुरता काळा नसतो, मागचा दिवा थोडा झिरपतोच. अंधाऱ्या रात्री विमानवाहू जहाजावर उतरताना वैमानिकाच्या डोळ्यांपुढे हिरवट धुकं यायचं आणि जहाजाचे मंद दिवे त्यात हरवायचे. उपाय म्हणून ओएलईडी आणलं, त्यात न लागणारा ठिपका खरोखर विझतो. ओएलईडी मात्र वापराने झिजतं, म्हणून आता मायक्रो-एलईडीवर काम चाललंय. आपल्याकडे तेजसचा हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या सीएसआयओ या सरकारी उपकरण-संशोधन संस्थेने तयार केला, याची वर्तमानपत्रांत म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला आहे. या क्षेत्रासाठी काय शिकावं?
– सातपूरहून एक पालक

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तेजस मार्क-१ए च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं, एचटीटी-४० प्रशिक्षण विमानाचीही साखळी सुरू झाली, तेव्हा प्रश्न वेळेवर आहे. त्याला सी भाषा पक्की करू द्या. एआरइंक-४२९ आणि मिल-१५५३ या डेटा बस, म्हणजे विमानातल्या उपकरणांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करायच्या ठरलेल्या पद्धती, समजून घेऊ द्या. दुसरी १९७० च्या दशकातली, वेग सेकंदाला अवघा १ मेगाबिट, तरी लढाऊ विमानांत अजून ठाण मांडून आहे. आणि कनेक्टर क्रिम्प करायला, म्हणजे तारेवर पिन दाबून घट्ट बसवायला, शिकवा. मुलं कोर्स दाखवतात, पण पिन नीट बसवता येत नाही.