आईसाठी ९० हजारांचं व्हिडिओ डॉक्टर पॅकेज घ्यावं का?

प्रश्न: आई ८१ वर्षांची, दापोलीजवळच्या वृद्धाश्रमात असते. बीपी, शुगर आहे. दर महिन्याला चिपळूणला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. ७०० रुपये फी, गाडी आणि सोबतीची बाई धरून ४,७०० जातात. आता आश्रमाने व्हिडिओवरून डॉक्टर दाखवायचं पॅकेज काढलंय: वर्षाला ३६ हजार, तीन वर्षांचे एकदम भरले तर ९० हजार. आईच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३ लाख आहेत, सव्वा वर्ष झालं. ते मोडून भरू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मोडू नका. दोन वर्षांच्या आत खातं बंद केलं तर मुदलातून दीड टक्का, म्हणजे ४,५०० रुपये कापले जातील. शिवाय ८.२ टक्क्यांनी तिमाहीला येणारे ६,१५० बंद. आईला मधेच डोंबिवलीला आणलं तर उरलेले पैसे परत मिळतील, असं करारात लिहिलंय का, तेही बघा.

आता पॅकेजचं. आज वर्षाला ५६,४०० जातात. पॅकेज घेतलं तरी ईसीजी, रक्ततपासणी यांसाठी तीन महिन्यांतून एक फेरी होणारच. म्हणजे ३६,००० अधिक १८,८००, एकूण ५४,८००. वाचले १,६००! तीन वर्षांच्या सवलतीने धरलं तरी वर्षाला ७,६००. आईची घाटातली धडधड वाचते हा फायदा खरा, पण तो याहून स्वस्तात मिळतो.

चिपळूणच्या डॉक्टरांनाच विचारा, मधले आठ महिने व्हिडिओवर बघाल का? मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार त्यांना ते करता येतं. पूर्ण फी घेतली तरी ५,६००. आणि आश्रमातल्या नर्सला नोंदी ठेवण्याचे महिना हजार देऊ करा. चिपळूणच्या चार फेऱ्या धरून वर्षाला सगळं मिळून ३६,४००. औषध तेच, डॉक्टर तेच, आईला माणूसही ओळखीचं.

नर्सवर मी मुद्दाम खर्च धरलाय. स्क्रीनवरच्या डॉक्टरांना सुजलेली नडगी अंगठ्याने दाबून बघता येत नाही. बाहीवरूनच पट्टा गुंडाळून घेतलेलं बीपी चुकीचं येतं, आणि गोळी ठरते त्याच आकड्यावर. तेव्हा एकदा जाऊन नर्स बीपी कसं घेते ते बघून या, जमलं तर जुलैतच. पावसात वीज गेली की तिकडे मोबाइलची रेंजही मान टाकते; आश्रमाकडे इन्व्हर्टर आहे का, ते तेव्हाच कळेल.

सर्दी-खोकल्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टर सेवा फुकट आहे.

७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. ओपीडीची फी त्यात नाही. आईचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर तिच्या औषधोपचारावरच्या खर्चाची ५० हजारांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते. मात्र पैसे रोखीने देऊ नका. गाडीभाडं त्यात धरू नका, फी आणि औषधांची बिलं तेवढी जपून ठेवा.