गोळीचे वेष्टन : यंत्राच्या चालीविषयी वाचकांचे प्रश्न

गोळ्या, टॉफी आणि तत्सम छोट्या गोड पदार्थांना कागद गुंडाळणाऱ्या यंत्रांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार फक्त गावाचा किंवा जिल्ह्याचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : औद्योगिक भेटीत मिनिटाला ३०० गोळ्यांना दोन्ही बाजूंनी पीळ देणारे यंत्र पाहिले, पण त्या वेगात डोळ्यांना काहीच टिपता आले नाही. आत नेमका क्रम काय असतो? आणि अशा गोळीच्या कागदाची दोन्ही टोके ओढली की गोळी गर्रकन फिरते, ती का?
— यंत्र अभियांत्रिकीचा पदविका विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : मिनिटाला ३०० म्हणजे दर ०.२ सेकंदाला एक गोळी बाहेर पडते. मात्र एकच गोळी ०.२ सेकंदात पूर्ण बांधून होते, असा त्याचा अर्थ नाही. ग्रिपर (गोळी धरून ठेवणारे चिमटे) बसवलेल्या चाकावर एकाच वेळी अनेक गोळ्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि चाक दर वेळी एक घर पुढे सरकते. त्यामुळे प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला ०.२ सेकंदाचा काही भाग येतो आणि त्या भागाची वाटणी कशी करायची, हाच या यंत्राच्या रचनेतला मुख्य प्रश्न असतो.

गोळ्या प्रथम खाचा असलेल्या फिरत्या तबकडीवर येतात आणि ब्रशच्या मदतीने एका खाचेत एकच गोळी बसते. रोलवरून ओढलेली फिल्म फिरत्या आणि स्थिर पात्यांमध्ये कापली जाऊन तबकडी आणि ग्रिपर यांच्यामध्ये पडद्यासारखी उभी राहते. त्यानंतर जे घडते ते संपूर्ण यंत्रातील सर्वांत नाजूक काम आहे. एका बाजूने ढकलदांडा गोळीला फिल्मसह पुढे रेटतो आणि समोरून दुसरा दांडा तिला आधार देत त्याच वेगाने मागे सरत जातो, त्यामुळे गोळी व फिल्म या दोन दांड्यांच्या चिमटीत घट्ट धरूनच ग्रिपरमध्ये शिरतात. आधाराचा दांडा नसेल, तर गोळी फिल्मवर आदळून तिरकी होते आणि पुढचे कोणतेही काम नीट होत नाही. शिवाय प्रत्येक गोळीची जाडी थोडीफार वेगळी असते, म्हणून या दांड्यांपैकी एकाला स्प्रिंगची लवचिकता द्यावी लागते. यंत्रातील प्रत्येक सुटा भाग मिलिमीटरच्या शतांशापर्यंत अचूक घडवता येतो, पण गोळी तशी घडवता येत नाही. यंत्राचा सर्वांत बेभरवशाचा भाग म्हणजे खुद्द गोळी, हे रेखाटनाच्या फळ्यावर बसल्यापासून लक्षात ठेवावे लागते.

ग्रिपरमध्ये शिरताना फिल्म गोळीभोवती इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वळते. खालची कड हलत्या पट्टीने दुमडली जाते आणि वरची कड चाक पुढे जाताना स्थिर पट्टीवर घासून दुमडते, की झाली नळी. नळीची दोन्ही टोके पिळाच्या जबड्यांत सापडतात. जबडे साधारण दीड ते दोन फेरे देतात, मात्र फिरता फिरता ते गोळीच्या दिशेने आतही सरकतात. याचे कारण असे की पीळ बसत जाईल तसा फिल्मच्या कडेचा प्रत्येक धागा सरळ न राहता मळसूत्राच्या वाटेने जातो आणि तेवढ्या प्रमाणात टोकाची एकूण लांबी कमी होते. जबडा जागेवरच फिरत राहिला, तर फिल्म कडेपासून फाटते किंवा जबड्यातून निसटते. हे आत सरकणे ठरवणारा कॅम (ठराविक आकाराची फिरती चकती, जिच्या कडेनुसार जोडलेला भाग हलतो) आणि जबडा उघडणारा-मिटणारा कॅम एकमेकांशी अचूक जुळलेले असणे आवश्यक असते.

आता गोळी फिरण्याविषयी. दोन्ही जबडे अक्षाभोवती एकाच दिशेने फिरले असतील, तर दोन्ही बाजूंचे पीळ परस्परविरुद्ध वळणाचे बसतात. टोके ओढल्यावर प्रत्येक पीळ सुटू पाहतो आणि दोन्हींचे वळणबल गोळीवर एकाच दिशेने लागते, त्यामुळे ती फिरते आणि कागद चटकन उघडतो. जबडे उलटसुलट दिशांनी फिरले असते, तर या बलांनी एकमेकांना रद्द केले असते आणि गोळी फिरली नसती. पहिल्या रचनेची किंमत यंत्राला मोजावी लागते, कारण पिळताना दोन्ही जबडे गोळीला एकाच दिशेने फिरवू पाहतात आणि ग्रिपरची पकड त्या दुहेरी जोराला पुरेल एवढी ठेवावी लागते.

प्रश्न : आमच्याकडे स्थानिक कारखान्यात बनवलेले, चार ग्रिपरचे आणि चार खाचांच्या जिनिव्हा चक्रावर (चालक खुंटी दर फेऱ्याला खाचेत शिरून चाक एक घर सरकवते, त्या रचनेवर) चालणारे यंत्र आहे. मिनिटाला २०० गोळ्या व्यवस्थित निघत होत्या. पुली बदलून वेग ३०० केला, तेव्हापासून ठोके ऐकू येतात, गोळ्या ग्रिपरमध्ये सरकतात आणि खुंटीचे बेअरिंग वारंवार जाते. मोटर तर तापत नाही. मग चुकते कुठे?
— देखभाल विभागातील वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : मोटर तापत नाही यावरून यंत्र सुखात आहे असे समजू नये. या यंत्रांना वेगाची मर्यादा येते ती शक्तीमुळे क्वचितच, बहुतेक वेळा ती प्रवेगामुळे येते. वेग दीडपट केला की प्रवेग दीडपट होत नाही, तो २.२५ पट होतो, आणि चाक, ग्रिपर, खुंटी यांवर येणारी जडत्वाची बलेही त्याच प्रमाणात वाढतात.

आपल्या चक्राचा हिशेब मांडून पाहू. चार खाचांच्या जिनिव्हामध्ये चालक खुंटीच्या ३६० अंशांपैकी फक्त ९० अंशांत चाक सरकते आणि उरलेल्या २७० अंशांत ते थांबलेले असते. मिनिटाला ३०० फेऱ्यांना सरकण्यासाठी अवघे ०.०५ सेकंद मिळतात. या चक्राचा कमाल कोनीय प्रवेग चालकाच्या कोनीय वेगाच्या वर्गाच्या सुमारे ५.४१ पट असतो. ग्रिपर केंद्रापासून १०० मिलिमीटरवर आहे असे धरले, तर २०० च्या वेगाला गोळीवर गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे २४ पट प्रवेग येतो आणि ३०० च्या वेगाला तो ५४ पटींवर जातो. पाच ग्रॅमची गोळी त्या क्षणी २७० ग्रॅमच्या वजनासारखी ग्रिपरला ढकलते. तिने सरकू नये तर काय करावे?

ठोक्याचे कारण याहून वेगळे आहे. खुंटी खाचेत शिरताना चाकाचा वेग शून्यच असतो, म्हणून धक्का बसणार नाही असे वाटते. प्रवेग मात्र शून्यापासून हळूहळू चढत नाही, तो पहिल्याच क्षणी एका ठराविक किमतीवर उडी घेतो. आपल्या यंत्रात ती किंमत गुरुत्वीय प्रवेगाच्या दहापट आहे. खुंटी आणि खाच यांच्यात झिजेमुळे थोडी जरी मोकळीक पडली असेल, तर ही उडी ठोका होऊन ऐकू येते आणि बेअरिंग तीच खाते. नवे बेअरिंग बसवून हा आजार बरा होणार नाही.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे सहा खाचांचे चक्र आणि सहा ग्रिपर. तेथे कमाल प्रवेगाचा गुणांक ५.४१ वरून १.३५ वर येतो, त्यामुळे त्याच त्रिज्येला ३०० च्या वेगावर गोळीला सुमारे १४ पटच प्रवेग सोसावा लागतो, म्हणजे आपल्या जुन्या यंत्राला २०० वर येत होता त्याहूनही कमी. मात्र चाक १२० अंशांत सरकते, म्हणून थांबण्याचा काळ ०.१५ सेकंदावरून ०.१३३ सेकंदावर येतो आणि पीळ तेवढ्यात उरकावा लागतो. ग्रिपर वाढल्याने चाकाचे जडत्वही वाढेल, तेव्हा ग्रिपरचे वजन जिथे शक्य असेल तिथे कमी करावे.

दुसरा आणि माझ्या मते अधिक चांगला उपाय म्हणजे कॅमवर चालणारा इंडेक्सर, म्हणजे चाक एकेक घर सरकवणारी यंत्रणा. जिनिव्हामध्ये खाचांची संख्या ठरली की सरकण्याचा आणि थांबण्याचा काळ आपोआप ठरतो, त्यात रचनाकाराला काही बोलता येत नाही. कॅममध्ये ही वाटणी त्याच्या हातात असते. सहा ग्रिपर ठेवून सरकण्याला १८० अंश दिले आणि सुधारित साइन वक्र वापरला, तर वरच्याच उदाहरणात कमाल प्रवेग सहा पटींपर्यंत खाली येतो आणि सुरुवातीला उडीही राहत नाही, कारण हा वक्र शून्य प्रवेगापासून सुरू होऊन शून्यावरच संपतो. अर्थात, पिळायला तेव्हा ०.१ सेकंदच उरतो आणि जबड्यांच्या फिरण्याचा वेग वाढवावा लागतो. कॅम महाग पडतो, हे खरे आहे. तो येईपर्यंत जुनी पुली पुन्हा बसवून २०० वर चालवावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण फाटलेली फिल्म, चुरा झालेल्या गोळ्या आणि वारंवार थांबणारे यंत्र यांचा हिशेब केला, तर ३०० च्या वेगाने दिवसअखेर कमीच माल हाती येतो.

आणखी एक तपासणी करून घ्यावी. मुख्य शाफ्टवर अतिभाराला सुटणारा क्लच असेल, तर तो फेऱ्यात एकाच जागी पुन्हा अडकणारा आहे ना, हे पाहावे. कुठेही अडकणारा साधा घर्षण क्लच एकदा घसरला की पाते, दांडे आणि चाक यांचे टायमिंग बिघडते आणि पुढच्याच फेऱ्यात ढकलदांडा ग्रिपरवर आदळतो.

प्रश्न : खर्च वाचवण्यासाठी साधी पॉलिप्रॉपिलीन फिल्म आणली, तर पेटीत भरेपर्यंत पीळ सुटतो. फेरे वाढवून पाहिले, उपयोग झाला नाही.
— एक लघुउद्योजक, जळगाव

उत्तर : फेरे वाढवून उपयोग होणारही नाही. पिळाच्या वेष्टनाला गोंद नसतो, उष्णतेचा जोड नसतो, वळलेली फिल्म वळलेलीच राहते एवढ्याच गुणावर ते टिकते. मेणकागद आणि सेलोफेन यांच्यात तो गुण उपजत आहे. स्वित्झर्लंडच्या जॅक ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ मध्ये शोधलेले सेलोफेन गोळ्यांच्या उद्योगात इतके रुळले, त्यामागे पारदर्शकतेइतकाच हा गुणही आहे. साधी ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म स्प्रिंगसारखी मूळ आकाराकडे परतते. पिळासाठी खास बनवलेल्या पीव्हीसी किंवा पॉलिएस्टरच्या फिल्म मिळतात, त्याच मागवाव्यात. बचत करायचीच असेल, तर ती कापाच्या लांबीत शोधावी : ७० मिलिमीटरचा काप ६८ वर आणता आला, तर जवळपास ३ टक्के फिल्म वाचते. त्यासाठी फिल्म ओढणारे रोलर घसरत नाहीत आणि गोळी दर वेळी कापाच्या मध्यावरच येते, याची खात्री आधी करावी.

प्लॅस्टिकच्या फिल्मबरोबर स्थिर विद्युतही येते. उकळलेल्या साखरेच्या गोळीत पाणी दोन-तीन टक्केच असल्यामुळे ती हवेतला ओलावा ओढते, म्हणून खोली कोरडी ठेवावी लागते. मात्र कोरड्या हवेत फिल्मवर भार साचतो आणि कापलेला तुकडा पात्याला चिकटून बसतो. ओलावा वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पात्याच्या अलीकडे आयनीकरण करणारी दांडी बसवावी.

प्रश्न : आम्ही काही महिला मिळून आलेपाक करतो आणि वड्या हाताने कागदात बांधतो. पावसाळ्यात वड्यांना पाणी सुटते. पिळाचे यंत्र घ्यावे की पिलो पॅकचे?
— सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या मालासाठी पिलो पॅक. पीळ कितीही घट्ट असला, तरी त्याच्या घड्यांमधून दमट हवा आत जाते. शिवाय आलेपाकाच्या वडीच्या कडा ठिसूळ असतात, ग्रिपरच्या पकडीत त्या झडतील. पिलो पॅकमध्ये वडीला कोणी धरत नाही. सपाट फिल्म फॉर्मरमधून जाताना नळी होते, वडी त्या नळीत सरकते, फिरती चाके लांबीचा जोड तापवून चिकटवतात आणि शेवटी तापलेले जबडे दोन वड्यांमधल्या जागी आडवा जोड देऊन कापतात.

यंत्र पाहायला जाल तेव्हा तीन गोष्टींची चौकशी करावी. जबडे फिल्मला टेकतात त्या क्षणी त्यांच्या टोकाचा वेग फिल्मच्या वेगाएवढाच असायला हवा, नाहीतर जोडाला सुरकुत्या पडतात. ६० मिलिमीटरचे पाकीट मिनिटाला १०० या वेगाने काढायचे, तर फिल्म मिनिटाला ६ मीटर धावते. पाकिटाची लांबी बदलली की जबड्यांची चालही जुळवून घ्यावी लागते, तेव्हा विक्रेत्याला आपल्याच वड्या देऊन दोन वेगवेगळ्या लांबींची पाकिटे समोर काढायला सांगावे. दुसरी गोष्ट चुऱ्याची. साखरेचा कण जोडात अडकला की तेथे बारीक वाट राहते आणि पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. म्हणून वडी फॉर्मरपाशी पोचण्याआधी चुरा खाली पडेल अशी जाळी किंवा फट वाटेत हवी, आणि वड्या कापल्यावर चाळून घेण्याची सवय आपणही ठेवावी. तिसरे, वडीच्या वाटेवर येणारे भाग स्टेनलेस स्टीलचे आणि वंगण खाद्यउद्योगासाठी मान्य असलेल्या दर्जाचे असावे.

आपोआप वड्या भरणारा फीडर सुरुवातीला घेऊ नये. हाताने कापलेल्या वड्या एकसारख्या नसतात आणि फीडर नेमका तिथेच अडतो. साखळीच्या पट्ट्यांमध्ये हाताने वड्या ठेवत जाणे दोघींना सहज जमते आणि तुटकी वडी डोळ्यांसमोरच बाजूला काढता येते.

प्रश्न : आता प्रत्येक अक्षाला सर्वो मोटर (नियंत्रकाने सांगितलेली चाल अचूक करणारी मोटर) लावता येते. मग कॅम शिकण्यात अर्थ उरला आहे का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : निश्चितच उरला आहे. फिल्म ओढणे, छापील खुणेशी काप जुळवणे, पिलो पॅकच्या जबड्यांची चाल लांबीनुसार बदलणे, ही कामे सर्वो कॅमपेक्षा सरस करतो, कारण तेथे चाल वारंवार बदलावी लागते. गोळीच नसेल, तर त्या फेऱ्यापुरती फिल्म सोडायची नाही, हेही सर्वोमुळे सोपे झाले आहे. ढकलदांड्यासारखी चाल मात्र वर्षानुवर्षे तीच राहते. तेथे सर्वो लावला, तर दांड्याबरोबर मोटरच्या स्वतःच्या रोटरलाही दर फेऱ्यात गती द्यावी आणि थांबवावी लागते. एका शाफ्टवरचे कॅम ती ऊर्जा परस्परांत आणि शाफ्टच्या जडत्वात फिरवत राहतात. शिवाय वीज अचानक गेली, तरी एकाच शाफ्टने बांधलेले भाग एकमेकांवर आदळत नाहीत.

शिवाय सर्वोच्या नियंत्रकात जो वक्र भरायचा, तो कॅमचाच वक्र असतो. त्याच अंतराला आणि त्याच वेळेला अन्वस्ताकार चालीचा प्रवेग गुणांक ४, सुधारित साइनचा ५.५३ आणि सायक्लॉइडचा ६.२८ येतो. पहिल्यात कमाल प्रवेग सर्वांत कमी दिसतो, पण सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी तो एकदम बदलतो आणि लांब, सडपातळ दांडा त्यामुळे थरथरतो. कोणता वक्र निवडायचा हे दांड्याची लवचिकता, त्याचे वजन आणि टोकाशी असलेली गोळी पाहूनच ठरवावे लागते, आणि तो निर्णय नियंत्रक आपल्या वतीने घेत नाही.