‘नवी प्रजाती’ की ‘नवी जाती’?

‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी वर्तमानपत्रात येते, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र त्याच पातळीला ‘जाती’ म्हटलेले असते. यांतले बरोबर कोणते, असे एका वाचकाने विचारले आहे.

माझ्या मते पुस्तकाचे बरोबर आहे. सजीवांच्या वर्गीकरणाच्या मराठी शालेय परिभाषेत कुलाखाली (family) प्रजाती (genus) आणि प्रजातीखाली जाती (species) येते. सजीवांना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याच्या, लिनियस या शास्त्रज्ञाच्या द्विनाम पद्धतीतला पहिला शब्द प्रजातीचा असतो आणि दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव होते. वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा आणि उंबर फायकस रेसिमोसा. म्हणजे जाती तीन, पण प्रजाती एकच. पान खुडले की तिन्हींतून पांढरा चीक येतो आणि तिन्हींची फुले आपण ज्याला फळ म्हणतो त्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. पिंपळपानाचे लांब शेपटीसारखे टोक मात्र वडाच्या पानाला नसते.

गोंधळाचे मोठे कारण हिंदी असावे, कारण तिथे आपल्या प्रजातीच्या पातळीला ‘वंश’ म्हणतात आणि बातम्यांत ‘प्रजाति’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात. शिवाय ‘प्र’ हा उपसर्ग अनेकांना ‘उप’सारखा वाटतो, आणि मग प्रजाती म्हणजे जातीचा पोटभाग असा समज होतो, वास्तविक संस्कृतात ‘प्रजाति’ म्हणजे प्रजोत्पत्ती, वंशविस्तार. ‘जात’ या शब्दाला चिकटलेला सामाजिक अर्थ टाळावा, असेही लिहिणाऱ्याच्या मनात असेल, आणि ते समजण्यासारखे आहे.

बोलण्यातली ‘जात’ तर आणखी खालच्या पायरीवरची आहे. हापूस, पायरी, केशर यांना आपण आंब्याच्या जाती म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने ते सगळे मँजिफेरा इंडिका या एकाच जातीचे असल्याने त्यांच्यासाठी शेतकऱ्यांचा ‘वाण’ हा शब्दच नेमका आहे.

नामशेष जीवांबद्दल लिहिताना हा फरक अधिक जपावा लागतो. मॅमथ हे एका प्रजातीचे नाव आहे आणि तिच्यात लोकरी मॅमथसारख्या अनेक जाती होत्या, त्यामुळे ‘मॅमथ ही प्रजाती नामशेष झाली’ हे वाक्य निर्दोष आहे. मॉरिशसचा डोडो मात्र रॅफस या प्रजातीतली एकमेव जाती होता. १७व्या शतकात तो संपला तेव्हा जातीबरोबर प्रजातीही गेली, आणि म्हणून त्याच्याबाबत कोणताही शब्द लिहिला तरी चूक काढता येत नाही.