टायबेरियन डॉनमधली हमव्ही आणि मीडियम टँक रेड अ‍ॅलर्टमध्ये आणायचे तर कोणता कन्व्हर्टर वापरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘कमांड अँड कॉन्कर’च्या पहिल्या खेळातली, म्हणजे टायबेरियन डॉनमधली, हमव्ही आणि मीडियम टँक तुम्ही ओपनआरएवरच्या (हे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणारं मुक्त इंजिन) रेड अ‍ॅलर्ट मॉडमध्ये (खेळाच्या बदललेल्या आवृत्तीत) आणलेत. एसएचपी फाईलची (या खेळांची चित्रं ठेवणारी फाईल) पीएनजी केली, रेड अ‍ॅलर्टचं पॅलेट (२५६ रंगांची यादी) लावलं, परत एसएचपी केली. आता टँकवर पट्टे दिसतात, खाली हिरवं डबकं दिसतं आणि खेळाडूचा रंग कुठे लागतो, कुठे लागत नाही. म्हणून चांगला कन्व्हर्टर कोणता?

कन्व्हर्टर कोणताही घ्या. एक्ससीसी मिक्सर, ओएस एसएचपी बिल्डर, एंजी फाईल कन्व्हर्टर किंवा ओपनआरएसोबत येणारी युटिलिटी, सगळ्यांना ही फाईल वाचता येते. तुमचा टँक यांच्यापैकी कोणी बिघडवलेला नाही. तो बिघडला ‘सगळ्या रंगांना नव्या पॅलेटमधला सर्वांत जवळचा रंग द्या’ या एका पायरीने. ही पायरी सगळीकडे पहिला धडा म्हणून शिकवली जाते आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण तिच्यामुळे चांगले स्प्राइट (खेळातली छोटी चित्रं) वाया जातात आणि दोष मूळ चित्रकारांवर जातो.

एसएचपीमध्ये रंग नसतोच. प्रत्येक पिक्सेलच्या जागी ० ते २५५ मधला एक क्रमांक असतो, आणि काही क्रमांकांना रंगापलीकडचं काम नेमून दिलेलं असतं. ० म्हणजे पारदर्शक. ४ म्हणजे सावली. पॅलेटमध्ये ४ च्या जागी भडक हिरवा आहे, पण खेळ तो हिरवा कधी दाखवत नाही, त्या जागची जमीन गडद करतो. टायबेरियन डॉनमध्ये १७६ ते १९१ हे सोळा क्रमांक खेळाडूच्या रंगासाठी राखलेले आहेत. रेड अ‍ॅलर्टमध्ये तेच काम ८० ते ९५ करतात. शिवाय पहिल्यात ३२ ते ३८ आणि दुसऱ्यात ९६ ते १०२ या सात-सात जागा पाण्याच्या. मूळ इंजिनात त्या जागांचे रंग सतत फिरवले जातात, म्हणून पाणी हलताना दिसतं.

जवळचा रंग शोधणाऱ्या प्रोग्रॅमला यातलं काही ठाऊक नसतं. तो ४ क्रमांकाचा हिरवा बघतो आणि दुसरा कुठला तरी हिरवा नेमतो. ते तुमचं डबकं. तो सोनेरी पिक्सेल बघतो आणि ८० ते ९५ च्या बाहेरचा एखादा वाळूचा किंवा मातीचा रंग जास्त जवळचा वाटला तर तो देतो. तिथे खेळाडूचा रंग लागत नाही आणि रंग लागलेल्या, न लागलेल्या पिक्सेलचे पट्टे होतात. खेळाडू सोनेरी असेल तर ते डोळ्यांत येत नाहीत, लाल किंवा निळा लावला की उघडे पडतात. निळसर राखाडी पोलाद बघून त्याने ९६ ते १०२ मधला क्रमांक दिला, तर मूळ खेळात टँकची बाजू पाण्यासारखी लुकलुकते.

आता पट्टे. ते टाळायला लोक दुसरा सोपा उपाय सांगतात: १७६ मधून ९६ वजा केले की ८०, तेव्हा सगळ्या सोळा क्रमांकांतून ९६ वजा करा. मीडियम टँकवर हा प्रयोग करून बघितला की तो का चुकतो ते लगेच दिसतं. रेड अ‍ॅलर्टचे ८० ते ९५ हा उजेडाकडून अंधाराकडे जाणारा एकच जिना आहे. टायबेरियन डॉनमध्ये सोळा पायऱ्यांचा एक जिना नाही, आठ-आठ पायऱ्यांचे दोन आहेत. १७६ ते १८३ हा एक, उजळ ते गडद, आणि १८४ पासून पुन्हा उजळ सुरू होऊन १९१ पर्यंत दुसरा. मीडियम टँकच्या चित्रात हे दोन्ही जिने शेजारी-शेजारी वापरलेले आहेत. ९६ वजा केल्यावर पहिला जिना पूर्ण उजळ अर्ध्यात जातो, दुसरा पूर्ण गडद अर्ध्यात. मुळात जवळपास सारख्याच उजेडाचे दोन शेजारी पिक्सेल एकदम लांब फेकले जातात. म्हणजे पट्टे पुन्हा येतात. खेळाडू सोनेरी असेल तर ते डोळ्यांत येत नाहीत, लाल किंवा निळा लावला की उघडे पडतात.

यावर एका मॉडरशी माझा जुना वाद आहे. त्याचं म्हणणं, चोवीस पिक्सेलच्या चौकटीत एवढा फरक कोणाला दिसतो? दिसतो. टँक थांबलेला असताना कदाचित नाही, पण तो वळायला लागला की ३२ फ्रेममध्ये (दर दिशेचं एक चित्र) पट्टे जागा बदलतात आणि गाडी थरथरल्यासारखी वाटते. लहान चित्रात एकेक पिक्सेल जास्त मोलाचा असतो, कमी नाही.

बरोबर पद्धत ही. दोन्ही जिने एकमेकांत विणायचे. १७६ ला ८०, १७७ ला ८२, १७८ ला ८४, १७९ ला ८६, १८० ला ८८, १८१ ला ९०, १८२ ला ९३, १८३ ला ९५. दुसरा जिना मधल्या रिकाम्या जागांत: १८४ ला ८१, १८५ ला ८३, १८६ ला ८५, १८७ ला ८७, १८८ ला ८९, १८९ ला ९१, १९० ला ९२, १९१ ला ९४. ओपनआरएच्या टायबेरियन डॉन मॉडमध्ये खेळाडूच्या रंगाची यादी १७६, १७८, १८०, १८२, १८४, १८६, १८९, १९१ आणि मग १७७, १७९ अशी विचित्र दिसते, तिच्यामागे हेच विणकाम आहे. हे कोष्टक म्हणजे सुरुवात समजा. त्यानंतर दोन्ही पॅलेट शेजारी उघडून सोळा-सोळा रंगांचा उजेड ताडून बघा. दुसऱ्या जिन्यातला एखादा रंग फारच उजळ वाटला तर त्याला दोन पायऱ्या खाली ढकला. दोन मूळ क्रमांक एकाच नव्या क्रमांकावर आले तरी बिघडत नाही.

म्हणजे क्रम असा: ० आणि ४ जसेच्या तसे. खेळाडूचे सोळा कोष्टकाने. मग उरलेल्या रंगांसाठीच, आणि फक्त त्यांच्यासाठी, जवळचा रंग शोधा. तो शोधताना नव्या पॅलेटमधले ०, ४, ८० ते ९५ आणि ९६ ते १०२ यादीतून काढून टाका. डिदरिंग (ठिपके मिसळून मधला रंग भासवणं) पूर्ण बंद. ओपनआरए युटिलिटीत एका मॉडच्या पॅलेटवरून दुसऱ्याच्या पॅलेटवर नेणारा ‘रीमॅप’ हुकूम आहे. तो वापरा, पण निघालेली फाईल वरच्या कोष्टकाशी पडताळून घ्या.

दोन खड्डे याच टप्प्यावर आहेत. या खेळांच्या पॅलेट फाईली ७६८ बाइटच्या असतात आणि प्रत्येक रंगघटक ० ते ६३ मध्ये लिहिलेला असतो, २५५ पर्यंत नाही. चारने गुणायचं राहिलं तर चित्र जवळजवळ काळं दिसतं. एक पॅलेट चारने गुणून आणि दुसरं २५५ पर्यंत ताणून घेतलं तर चूक बारीक होते आणि शोधायला त्रास देते. दुसरा खड्डा पीएनजीचा. जिंप या चित्र-संपादकात इंडेक्स्ड मोड करताना न वापरलेले रंग काढून टाकण्याची खूण काढा. ती राहिली तर क्रमांक सरकतात आणि वरचं सगळं कष्टाचं काम मातीत जातं. आरजीबी पीएनजी (प्रत्येक पिक्सेलला थेट रंग देणारी) करून ठेवली असेल तर ती फेकून द्या. तिच्यात क्रमांकच उरलेले नाहीत.

हमव्हीची गोष्ट वेगळी आहे. पहिली अडचण नावाची. टायबेरियन डॉनमध्ये हमव्हीच्या फाईलचं नाव जीप आहे, आणि रेड अ‍ॅलर्टमधल्या रेंजरच्या फाईलचंही जीपच. नाव न बदलता टाकलीत तर एक गाडी दुसरीला झाकते. हाच प्रकार एपीसी, तोफगाडी, हार्वेस्टर आणि एमसीव्ही या गाड्यांचा.

दुसरी अडचण टरेटची, म्हणजे गाडीवरच्या फिरत्या बंदुकीच्या भागाची. फाईलमध्ये पहिल्या ३२ फ्रेम गाडीच्या, पुढच्या ३२ टरेटच्या. फ्रेम ० चं तोंड उत्तरेला, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने: ८ पश्चिम, १६ दक्षिण, २४ पूर्व. सिक्वेन्समध्ये (कोणत्या फ्रेम दाखवायच्या ती यादी) टरेटची सुरुवात ३२ आणि दिशा ३२ लिहायच्या. सगळ्या फ्रेमचा कॅनव्हास एकाच मापाचा असतो आणि गाडी त्याच्या मध्याभोवती फिरते, म्हणून रिकाम्या कडा आपोआप कापणारं टूल एकेका फ्रेमवर चालवू नका. प्रत्येक फ्रेमचा मध्य सरकतो आणि गाडी वळताना उड्या मारते.

टरेट गाडीच्या बरोबर मध्यावर नसेल तर अंतर द्यावं लागतं. एक चौकट २४ पिक्सेलची आणि १०२४ एककांची, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ४२.७. दोन पिक्सेल मागे म्हणजे उणे ८५, तीन पिक्सेल वर म्हणजे १२८. क्रम पुढे, उजवीकडे, वर. हे माप फ्रेम ० वर घेऊ नका. तिरप्या कॅमेऱ्यामुळे उत्तर-दक्षिण लांबी दबलेली दिसते. कॅमेऱ्याचा कोन ४० अंश धरलेला आहे, म्हणून तिथे लांबी ०.६४ पट होते. फ्रेम ८ किंवा २४ वर मोजा, तिथे ती पूर्ण असते. मीडियम टँकच्या नळीच्या टोकाची ज्वाळा नळीपासून तुटलेली दिसते तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी उत्तरेच्या फ्रेमवर माप घेतलेलं असतं.

तिसरी गोष्ट दिशांची. मूळ चित्रांतल्या ३२ दिशा बरोबर ११.२५ अंशांच्या अंतराने नाहीत. ओपनआरएमध्ये यासाठी सिक्वेन्समध्ये ‘युज क्लासिक फेसिंग्ज’ आणि गाडीच्या नियमांत ‘क्लासिक फेसिंग बॉडी ओरिएंटेशन’ आहे. जुन्या स्प्राइटसाठी दोन्ही हवेत. स्वतः थ्रीडीत समान अंतराने रेंडर केलेल्या गाडीला मात्र दोन्ही नकोत, नाहीतर गाडी जिकडे चालते त्याच्या किंचित बाजूला तोंड करून चालते.

हार्वेस्टरही आणायचा विचार असेल तर एवढं बघा: ३२ दिशांनंतर टायबेरियन डॉनमध्ये कापणीच्या आठ दिशा गुणिले चार फ्रेम आहेत, रेड अ‍ॅलर्टमध्ये आठ गुणिले आठ. जुना सिक्वेन्स तसाच ठेवलात तर खेळ नसलेल्या फ्रेम मागतो.

ड्यून २००० या खेळाच्या गाड्या आणायचा मोह टाळा. तिथली चौकट ३२ पिक्सेलची, इथली २४ ची. तीन-चतुर्थांश करताना एक पिक्सेल जाडीची नळी कधी दिसते, कधी गायब होते, आणि सरासरी काढून लहान केलं तर पॅलेटमध्ये नसलेले रंग तयार होतात. नव्याने काढणं लवकर होतं. टायबेरियन सन आणि रेड अ‍ॅलर्ट २ मध्ये तर बहुतेक गाड्या स्प्राइटच नाहीत, व्हॉक्सेल (छोट्या घनांची थ्रीडी मॉडेलं) आहेत. त्या रेंडर कराव्या लागतात. तिथल्या ज्या थोड्या गोष्टी एसएचपीत आहेत त्यांची सावली फाईलच्या दुसऱ्या अर्ध्यात वेगळ्या फ्रेममध्ये असते, ती आधी ४ क्रमांकाने खालच्या थरात भरावी लागते.

तपासणी लाल, निळा आणि एखादा गडद रंग अशा तीन खेळाडूंनी करा, टँक जागच्या जागी पूर्ण फिरवून. बर्फाच्या नकाशावरही बघा. गवतावर खपून गेलेली चूक पांढऱ्यावर दिसते.

आता एक गोष्ट जी आधी सांगायला हवी होती. तुमचं मॉड फक्त ओपनआरएपुरतंच असेल तर रूपांतर न करताही काम होतं. टायबेरियन डॉनचं पॅलेट वेगळ्या नावाने भरा, भरताना सावलीचा क्रमांक ४ लिहा, त्यावर १७६ ते १९१ ची वरची विणलेली यादी देऊन दुसरं खेळाडू-पॅलेट बनवा, आणि त्या गाड्यांच्या ‘रेंडर स्प्राइट्स’मध्ये खेळाडू-पॅलेट म्हणून त्याचं नाव द्या. मूळ फाईलला हात लागत नाही. मी तरीही रूपांतर करतो, कारण टायबेरियन डॉनचे करडे आणि तपकिरी रंग रेड अ‍ॅलर्टच्या जमिनीवर परके दिसतात. पण वेळ कमी असेल तर ही वाट धरा.

आणि वाटपाबद्दल: टायबेरियन डॉन २००७ मध्ये आणि रेड अ‍ॅलर्ट २००८ मध्ये फुकट झाले, आणि २०२० मध्ये दोन्हींच्या रिमास्टर्ड आवृत्तीतल्या डीएलएलचा आणि २०२५ मध्ये मूळ खेळांचा सोर्स कोड जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली आला. तो परवाना कोडचा आहे, चित्रांचा नाही. ओपनआरए स्वतःही ही चित्रं सोबत वाटत नाही, वेगळी उतरवून घेते. तुम्हीही तयार एसएचपी वाटण्याऐवजी कोष्टक आणि रूपांतराची स्क्रिप्ट वाटा. ज्याला हवं तो आपल्याकडच्या फाईलवर ती चालवील.