कॉलेज बास्केटबॉलच्या स्टाफमध्ये शिरताना

अमेरिकेत पहिली संधी बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंटची (पदव्युत्तर शिक्षण घेत प्रशिक्षकांना मदत करणारा) किंवा सामन्यांच्या व्हिडिओच्या कामाची मिळते. पैसे तुटपुंजे, तरी घेच. ब्रॅड स्टीव्हन्सने २००० साली एली लिली कंपनीतली पक्की नोकरी सोडून बटलर विद्यापीठाची वाट धरली. २००७ मध्ये तो तिथलाच मुख्य प्रशिक्षक झाला. २०१० आणि २०११ मध्ये संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात होता! बसच्या वेळा, जेवण, अभ्यासाची चौकशी ही कामं हलकी समजू नकोस. मुलं मनातलं बोलतात ती अशाच वेळी, आणि मला तरी प्रशिक्षणाचा गाभा तोच वाटतो. एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचे, खेळाडू भरतीचे नियम पाठ कर. मुख्य प्रशिक्षक गेला की बऱ्याचदा स्टाफही बदलतो, म्हणून इतर कॉलेजांतल्या सहायकांशी आत्तापासून संपर्क ठेव.