तारा शाळेत जाणार म्हणून

पोरी,

ताराला पोराबरोबर वर्गात बसवायला मुख्याध्यापकांनी होकार दिला आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, बैठकीतही कुणी आडवं आलं नाही, हे तुझ्या पत्रात वाचून बरं वाटलं. पण खानापूर तालुक्यातल्या शाळेत पोराच्या मदतीला शिकवलेली, जाकीट घातलेली लॅब्रेडॉर कुत्री वर्गात येऊन बसणार, हे गावाला अजून पचायचं आहे. फौजेत मी कुत्र्यांबरोबर नोकरी काढली, पण तिथं आजूबाजूला सगळी शिस्तीतली माणसं. तुझ्या आजूबाजूला वर्गभर पोरं असणार, शिवाय त्यांचे आईबाप. तारा शिकून तयार आहे, तिची मला काळजी नाही. शिकवायचं आहे ते बाकीच्यांना, आणि तुझं निम्म्याहून जास्त काम तेच आहे.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास होणार. पोराची पेन्सिल खाली पडणार आणि शेजारच्या बाकावरची तिघं-चौघं ती उचलायला झेप घेणार. मनानं चांगली पोरं ती, रागावू नकोस, पण थांबव. पेन्सिल उचलायची ती तारानं. ती बाकाखालून उठेल, पेन्सिल न चावता ओठांत धरेल आणि त्याच्या मांडीवर हनुवटी टेकून उभी राहील. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूच्या त्या दुखण्यात स्नायू ताठरतात. घ्यायचं हे त्याला कळतं, पण बोटं लगेच उघडत नाहीत. तारा तशीच उभी राहील, थोडी लाळ गळेल, बाई फळ्यावरचं लिहिणं थांबवून बघत राहतील, मागून कुणीतरी फिदीफिदी हसेल. तुझा हात आपोआप पुढं जाऊ बघेल. जाऊ देऊ नकोस. त्यानं स्वतः घेतलेल्या पेन्सिलीसाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय.

लहान मुलाला एकट्याला कुत्रं सांभाळता येत नाही, म्हणून पट्टा तुझ्या हातात. पण हुकूम शक्यतो त्याचाच. त्याचे शब्द अडखळतात, तर घरी त्याच्याच आवाजात ताराचा सराव करून घे. हुकूम आत्ता आहेत तेच ठेव, सिट, डाऊन, स्टे. मराठीत बदलायला जाशील तर फसशील. बाई दिवसभर पोरांना ‘बस’, ‘थांब’ म्हणत असतात, कुत्रीनं कुणाचं ऐकायचं?

आता पोराला येणाऱ्या फिटचं. हे नीट वाच आणि वर्गाच्या बाईंनाही वाचायला दे. तारा फिट आल्यावर भुंकून माणूस बोलावते आणि त्याच्याजवळ पडून राहते. फिट येण्याआधी सांगेल, असा शब्द कुणालाही देऊ नकोस. काही कुत्र्यांना सहवासानं ते आपोआप जमतं, पण खात्रीनं शिकवता येत नाही. गोळ्या डॉक्टरनं सांगितल्या तशाच चालू राहतील, कुत्री आली म्हणून एकही चुकवायची नाही. आपल्याकडं फिट आली की कुणीतरी चप्पल नाहीतर कांदा हुंगवायला धावतो, दुसरा दातांत चमचा घालतो. दोन्ही आधीच बंद करून टाक. त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, आजूबाजूचे बाक सरकवायचे आणि घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके पाच मिनिटांच्या वर गेले तर १०८. ताराला भुंकल्याबद्दल कुणी ‘हाड’ म्हणता कामा नये, हे शिपायापासून सगळ्यांना सांगून ठेव.

कागदांची फाइल आपल्याजवळ असू दे. रेबीजची लस वर्षाच्या वर्षाला, लेप्टोस्पायरोसिसची लस, जंताच्या औषधाच्या तारखा, सगळ्यावर पशुवैद्याची सही. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शाळांच्या आवारातून भटकी कुत्री हटवायला सांगितलं, तेव्हापासून मुख्याध्यापक मंडळी कुत्रं म्हटलं की बिचकतात. तो आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहे, हे शांतपणे समजावून सांग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी असं कलम १६ मध्ये आहे. पण त्यात कुत्र्याचं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही, म्हणून कलम दाखवून भांडायला उठू नकोस. होकार लेखी घे आणि एक प्रत बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला दे. एवढं पुरे.

आईबाप रेबीजचंच विचारणार, आणि त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडं ती भीती खरी आहे. ‘आमची कुत्री चावत नाही’ म्हणून त्यांना उडवून लावू नकोस, फाइल उघडून दाखव. जमलं तर त्याच बैठकीत सांग की कुठलंही कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावत बसायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तारा आल्यामुळं गावाला एवढं कळलं तरी मिळवलं म्हणायचं.

काही घरांत कुत्र्याची लाळ लागलेली चालत नाही. काही पोरांना कुत्र्याच्या केसांनी दम लागतो, काही नुसती घाबरतात. त्यांना ‘हात लावून तर बघ’ म्हणायचं नाही. त्यांची जागा लांब, ताराची वाट वेगळी. उलट काही आज्या दत्ताची कुत्री म्हणून तिला नमस्कार करतील, कपाळाला बोटभर अंगारा लावतील. लावू देत, पण डोळ्यांत जायला नको.

आणि ‘मुधोळ जातीचा कुत्रा का नाही आणला?’ हे विचारणारे तुला हमखास भेटतील. मुधोळ आपल्या शेजारचा, पोस्टानं २००५ मध्ये त्याच्यावर तिकीट काढलं, अभिमान मलाही आहे. पण ती नजरेनं शिकार हेरून मागं धावणारी जात. मधल्या सुट्टीत मैदानभर पोरं पळत असताना त्याला बाकाखाली पडून राहायला सांगणं हा त्याच्यावरच अन्याय.

खाण्याकडं मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, सांबारात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याच्या रक्तावर उठतो. वाढदिवसाला पोरं वर्गभर चॉकलेट वाटतात, तेही तिला विषच. अथणीकडचे बेदाणे कुणाच्या खिशात असतील, त्यानं मूत्रपिंड बिघडतं. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, तुकडा तर प्रेमानंच पुढं येईल. कुणाच्याही हातचं काही नाही, असा एकच नियम ठेव. अपवाद केलास की पोरांना नियम उरत नाही.

ती दमली हे ती सांगते, बघणारा पाहिजे. झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. असं दिसलं की पोराला बाईंच्या नजरेखाली ठेव आणि तिला झाडाखाली नेऊन जाकीट काढ. जाकीट काढलं म्हणजे सुट्टी, हे तिला कळतं. वास काढणाऱ्या फौजी कुत्र्यालासुद्धा सलग काम देत नाहीत. छोट्या सुट्टीत लघवीला न्यायचं, घाण पिशवीत उचलायची, तीही सगळ्यांदेखत. मार्चनंतर दुपारी डांबरावर आधी आपला पालथा हात ठेवून बघ. तुला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही सोसणार नाही.

घंटेची सवय लांबून लाव. आधी मैदानाच्या टोकाला उभी कर, ठोका पडला की खाऊ, मग रोज थोडं जवळ. लेझीम आणि ढोलाचंही तसंच. पण गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीला तिला अजिबात नेऊ नकोस, पोरानं हट्ट केला तरी. फाटकाजवळ डबे सांडतात तिथं गल्लीतली कुत्री जमतात, तिच्यावर धावून येतील. मागच्या दारानं आत जायची परवानगी आत्ताच मागून ठेव.

पावसात गोचीड वाढतात. रोज संध्याकाळी कानामागं आणि बोटांच्या बेचक्यात चाचपून बघ. गोचिडाचा पट्टा तिथं घेऊ नकोस, जास्त दर लावतात. मी बेळगावातून आणून ठेवतो. दसऱ्याच्या सुट्टीत तिला घेऊन ये, नखंही बघून टाकू.

तुझा,
फौजी काका